गार्मिन झुमो एक्सटी: हँडलवर बसवताना, वायर ओढताना आणि कोकणात वापरताना

मोटारसायकलसाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का, हा प्रश्न हल्ली फोनमुळे मागे पडला आहे. शहरात रोज ऑफिसला जाणाऱ्याला त्याची गरज नाही, हे आधीच सांगून टाकतो. फोनवरच्या गूगल मॅप्समध्ये २०१७ पासून भारतातल्या दुचाकींसाठी वेगळा पर्याय आहे, रहदारी कळते, गल्लीबोळ सापडतात. पण ताम्हिणी उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं असेल, चार-पाच दिवस पावसात, धुळीत, रोज आठ-नऊ तास बाईक चालणार असेल, तर गार्मिनचं झुमो एक्सटी हे यंत्र आपली किंमत वसूल करून देतं. अट एकच: ते नीट बसवलेलं हवं आणि त्यात नकाशा नीट भरलेला हवा. या यंत्राबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बहुतेक वायरिंगच्या किंवा नकाशाच्या निघतात.

झुमो एक्सटी २०२० साली आलं. स्क्रीन साडेपाच इंची, १२८० बाय ७२० पिक्सेलची. वजन २६२ ग्रॅम. पाण्याच्या बाबतीत आयपीएक्स ७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जाणार नाही. जीपीएससोबत ग्लोनास आणि गॅलिलिओ या उपग्रहांचे संकेतही ते घेतं. आतली बॅटरी सहा तासांपर्यंत चालते असं कंपनी सांगते, पण उजेड पूर्ण ठेवला तर साडेतीन तास. उन्हात उजेड पूर्णच ठेवावा लागतो, म्हणून साडेतीन तास हाच आकडा धरून चालायचं. बाईकच्या बॅटरीची वायर जोडणं ही यातली चैन नव्हे, गरज आहे. आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधीच माहीत हवी: या यंत्राला स्वतःचा स्पीकर नाही. आवाज हवा तर हेल्मेटमध्ये ब्लूटूथ हेडसेट लागतोच.

फोन हँडलवर का नको, याचं सगळ्यात पटणारं कारण कॅमेऱ्याचं आहे. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलची कंपनं हँडलमधून सतत फोनला बसली तर कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी आणि फोकस करणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला. कंपन शोषणारे होल्डर मिळतात आणि ते उपयोगी आहेत, पण त्यांनी कंपन कमी होतं, जात नाही. त्यात उन्हात फोन तापून स्क्रीन मंद होते, आणि पाऊस सुरू झाला की चार्जिंगची वायर काढावी लागते. नेव्हिगेशनच्या यंत्रात कॅमेराच नाही, आणि चार्जिंग ते ज्या पाळण्यात, म्हणजे होल्डरमध्ये, बसतं त्यातल्या पिनांमधून होतं. फरक इथे आहे. नकाशा फोनमध्येही आधी उतरवून ठेवता येतो, तेव्हा 'रेंज नसली की फोन निकामी' हे म्हणणं अर्धवट खरं आहे.

रॉयल एनफिल्डच्या ट्रिपरची तुलना याच्याशी होते म्हणून दोन वाक्यं. मीटिअर ३५० वर २०२० मध्ये आलेला तो छोटा गोल डायल स्वतः रस्ता शोधत नाही. खिशातला फोन रस्ता शोधतो आणि ट्रिपर बाण आणि अंतर दाखवतो. कामापुरतं ते छान आहे, पण पुढच्या वळणानंतर रस्ता कुठे जातो ते त्यात दिसत नाही.

हँडलवर बसवणं

खोक्यात यंत्राचा पाळणा, पॉवरची केबल, हँडलला लावायचा यू बोल्ट, एक इंची गोळ्याचा बेस आणि दोन गोळ्यांना जोडणारा छोटा हात मिळतो. ही एक इंची गोळ्याची पद्धत रॅम माउंट्स या कंपनीची असल्याने लांब हात, आरशाच्या बोल्टवर बसणारा बेस असे वेगळे भाग पुढे घेता येतात. पाळण्याच्या मागची चार भोकं ३० बाय ३८ मिलिमीटरच्या ठरलेल्या मापाची असतात. त्यामुळे डॅशबोर्डच्या वर आडवी पट्टी असलेल्या बाईकवर गोळा न वापरता त्या मापाची प्लेट लावून यंत्र थेट पट्टीवर बसवता येतं. अशी पट्टी असेल तर तीच जागा सगळ्यात चांगली. नजर रस्त्यावरून फार खाली न्यावी लागत नाही.

हँडलची जाडी आधी मोजा. साधं हँडल २२ मिलिमीटरचं असतं. निमुळतं जाड हँडल मधल्या क्लॅम्पजवळ साधारण २८ मिलिमीटरचं. यू बोल्ट दोन्हींवर बसतो, पण निमुळत्या हँडलवर तो अगदी उतारावर लावला तर कितीही आवळला तरी हळूहळू बारीक भागाकडे सरकतो. तो सरळ भागावरच यायला हवा. बोल्ट आणि हँडल यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळा; पकडही बसते आणि हँडलचा रंगही जात नाही. नट आवळताना दोन्ही बाजू आलटून पालटून, थोड्या थोड्या. गार्मिनने दिलेला आकडा ५.६५ न्यूटन-मीटर आहे आणि ९ च्या वर जायचं नाही. हाताने सांगायचं तर छोट्या पान्याने, मनगटाच्या जोरावर, बेस हलेनासा होईपर्यंत. पायपाना लावून आवळाल तर बेसलाच तडा जाईल.

जागा ठरवताना तीन गोष्टी बघायच्या. एक, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर यंत्र टाकीला किंवा काचेला लागता कामा नये. दोन, स्पीडोमीटरचे दिवे, विशेषतः ऑइलचा आणि इंजिनचा, झाकले जाता कामा नयेत. तीन, उभं राहून चालवताना, म्हणजे खराब रस्त्यावर, छातीच्या किंवा हनुवटीच्या थेट समोर ते येता कामा नये. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. गोळ्यांना जोडणारा हात जितका छोटा तितकं कंपन कमी. लांब हातावर यंत्र नाचतं, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर दोनशे किलोमीटरनंतर त्याची आवळायची मूठ सैल पडलेली असते. दर दिवशी सकाळी चेनला तेल घालताना ती मूठ आणि पाळण्याचे चार स्क्रू तपासा. स्क्रूंना निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, एक थेंब पुरतं. लाल वापरू नका, पुढे काढताना स्क्रूचं डोकं जातं. आणि थ्रेडलॉक प्लास्टिकवर सांडू देऊ नका. काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकतं.

वायरिंग

सगळ्या बसवणीचा जीव इथे आहे. केबलला शेवटी दोन उघड्या वायरी येतात, एक प्लस, एक मायनस, आणि ही केबल बाईकच्या १२ व्होल्टवर थेट जोडण्यासाठीच आहे. मध्ये यूएसबीचा चार्जर घालायचा नाही. वायरी थेट बॅटरीला लावणं सगळ्यात सोपं, पण तसं केलं तर चावी काढल्यावरही पाळण्यात करंट राहतो. यंत्र त्यात विसरलं आणि बाईक आठवडाभर उभी राहिली तर छोटी बॅटरी उतरायला वेळ लागत नाही. हिमालयन ४११ ची बॅटरी जेमतेम ८ अँपिअर-अवरची आहे. शिवाय यंत्राची एक चांगली सोय यात वाया जाते. चावीचा करंट गेला की ते काही सेकंद मोजून स्वतःच बंद होतं, आणि चावी फिरवली की स्वतःच चालू होतं. म्हणून करंट चावीनंतरचा हवा.

तो मिळवायचे मार्ग तीन. बाईकला कंपनीने जादा सामानासाठी कपलर, म्हणजे वायरी जोडायचा तयार प्लग, दिलेला असेल तर तो शोधा. केटीएममध्ये एसीसी १ आणि एसीसी २ अशी दोन टोकं असतात. पहिल्यात कायम करंट, दुसऱ्यात चावीनंतर. यंत्राला दुसरं. कपलर नसेल आणि जोडायचं फक्त हेच यंत्र असेल, तर पार्किंगच्या किंवा मागच्या दिव्याच्या वायरीवरून फांदी काढली तरी चालते, कारण यंत्र फार करंट ओढत नाही. पण जादा दिवे, मोबाइल चार्जर, हीटेड ग्रिप असं काही आज ना उद्या लावायचं असेल तर पहिल्याच दिवशी रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवा. दोनदा टाकी काढण्यापेक्षा बरं.

रिलेचं गणित सोपं आहे. चार पायांचा १२ व्होल्टचा रिले घ्या. ८६ नंबरच्या पायाला पार्किंगच्या वायरीचा चावीनंतरचा करंट, ८५ ला अर्थ. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून येणारी वायर, आणि तिच्यावर बॅटरीपासून वितभर अंतराच्या आत १० अँपिअरचा फ्यूज. ८७ मधून निघणारी वायर छोट्या फ्यूजबॉक्सला. त्या बॉक्समधून प्रत्येक उपकरणाला त्याच्या मापाच्या फ्यूजमधून वायर. यंत्रासाठीचा फ्यूज गार्मिनने सांगितलेल्या मापाचाच घाला, मोठा नको, आणि त्याच मापाचे दोन फ्यूज टूलकिटमध्ये ठेवा. फ्यूज बॅटरीजवळ का, याचं उत्तर असं: वायर पुढे कुठेही घासून फ्रेमला टेकली तर बॅटरी ते टेकलेलं ठिकाण यांच्यामधली सगळी वायर तापते. फ्यूज टोकाशी, यंत्राजवळ असेल तर तो या शॉर्टसर्किटमध्ये येतच नाही आणि वायर पेटेपर्यंत करंट वाहत राहतो.

मायनसची वायर शक्यतो थेट बॅटरीच्या मायनसला न्या. फ्रेमच्या बोल्टला लावायची असेल तर बोल्टखालचा रंग खरवडून, थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, घालून. रंगावर आवळलेली अर्थ सुरुवातीला चालते, मग पहिल्या पावसात गंज धरते, आणि यंत्र कधी चार्ज होतं, कधी होत नाही, असा चकवा सुरू होतो. हा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

जोड कसा करायचा यावर इलेक्ट्रिशियनांमध्ये दोन तट आहेत: सोल्डर मारणारे आणि क्रिम्प, म्हणजे वायरीवर धातूचं टर्मिनल दाबून बसवणारे. आमचा कौल क्रिम्पला. नुसता सोल्डर मारला की सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते, आणि कंपनाने नेमकी त्याच कडेवर तुटते. तुटलेली वायर वरून शाबूत दिसते, कारण प्लास्टिकचं आवरण तिला धरून ठेवतं; आत तांब्याच्या तारा सुटलेल्या. बरोबर मापाचं टर्मिनल, चांगल्या क्रिम्पिंग पक्कडने दाबलेलं, वरून आत गोंद असलेली, गरम केली की आवळून बसणारी हीट श्रिंक नळी: हा जोड पाऊस आणि कंपन दोन्ही सोसतो. मूळ वायर न सोलता तिच्यात पातं रुतवणारे चिमटा कनेक्टर टाळा. ते वायरीच्या काही तारा कापतात आणि उरलेल्यांत पाणी जायला वाट देतात. नुसती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून झालेला जोड उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतो. बाईकच्या वायरींचा मूळ हार्नेस कापला तर वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरमध्ये वाद होतो. तयार कपलर विकत घेऊन मूळ कपलरच्या मध्ये घातला की कापाकापी टळते.

वायर नेण्याची वाट: हँडलवरून क्लच केबलच्या सोबतीने खाली, स्टिअरिंगच्या डोक्यापासून टाकीखाली, मधल्या फ्रेमच्या बाजूने मागे बॅटरीपर्यंत. एक्झॉस्ट पाइपपासून लांब, सिलिंडर हेडला न टेकता. स्टिअरिंगच्या डोक्याशी वायर ढिली सोडा. तिथे एक सैल वळसा हवा, साधारण मुठीएवढा, म्हणजे हँडल पूर्ण डावीकडे गेलं तरी वायर ताणली जात नाही. झिप टाय गच्च आवळू नका आणि कापलेलं टोक हाताला लागेल असं सोडू नका. टाकी परत बसवण्याआधी एक तपासणी चुकवू नका: इंजिन सुरू करून, न्यूट्रलमध्ये, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनचा आवाज वाढला किंवा घसरला तर नवी वायर अॅक्सिलरेटरच्या केबलला ओढते आहे. वळणावर अॅक्सिलरेटर आपोआप उघडला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

मल्टिमीटर असेल तर पाळण्याला जाणाऱ्या टोकावर मोजा. इंजिन बंद, चावी चालू: साधारण १२.५ व्होल्टच्या आसपास. इंजिन चालू, थोडा अॅक्सिलरेटर दिलेला: साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये. आकडा पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, तपासल्याशिवाय यंत्र लावू नका. सवयीच्या हाताला हे सगळं काम दोन-तीन तासांचं आहे. टाकी पहिल्यांदा काढणाऱ्याने अख्खा दिवस राखून ठेवावा.

नकाशा

यंत्र कोणत्या देशाच्या बाजारासाठी आहे, त्यावर आतला नकाशा ठरतो. युरोपसाठीच्या यंत्रात युरोप, अमेरिकेसाठीच्यात उत्तर अमेरिका. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवलेलं यंत्र पुण्यात चालू केलं की स्क्रीनवर तुमची जागा बरोबर दिसते, पण सभोवती मोठे हमरस्ते सोडले तर बहुतेक कोरी जागा. यंत्र बिघडलेलं नाही, त्यात भारताचा सविस्तर नकाशा नाही, इतकंच. उपाय ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा. गार्मिनसाठी तयार केलेल्या या नकाशाच्या फाइली फुकट उतरवता येतात. मायक्रो एसडी कार्ड एफएटी ३२ पद्धतीने फॉर्मॅट करा, त्यात गार्मिन नावाचा फोल्डर करा आणि आयएमजी फाइल त्यात ठेवा. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. मग सेटिंगमध्ये नकाशांच्या यादीत जाऊन नवा नकाशा चालू करा आणि याच भागाचा दुसरा नकाशा असेल तर तो बंद करा. दोन नकाशे एकावर एक चालू राहिले की रस्ते दुहेरी दिसतात आणि मार्ग भलत्याच नकाशावरून निघतो.

ओपनस्ट्रीटमॅपची ताकद कच्च्या रस्त्यांत आणि पायवाटांत आहे. कमजोरी पत्ता शोधण्यात. घर नंबर, सोसायटी वगैरे विसरा. गावाचं नावसुद्धा स्पेलिंगवर अडतं: वेश्वी इंग्रजीत व्हीने लिहिलं आहे की डब्ल्यूने, यावर ते सापडणार की नाही ते ठरतं. म्हणून मुक्कामाचं ठिकाण अक्षांश-रेखांशाने भरा. फोनवर ठिकाणावर बोट दाबून धरलं की दोन्ही आकडे मिळतात, ते यंत्रात घालून जागा 'सेव्ह' करून ठेवा. निघायच्या आदल्या रात्री पाच ठिकाणं भरायला दहा मिनिटं लागतात. घाटात, रेनकोटमध्ये, ग्लोव्हज घालून तेच करणं शिक्षा आहे.

रस्ता कसा ओढायचा

आखलेला रस्ता यंत्रात दोन तऱ्हांनी जातो, आणि दोन्हींतला फरक समजला नाही तर यंत्रावर उगाच राग निघतो. 'रूट' म्हणजे ठरावीक ठिकाणांची माळ; दोन ठिकाणांमधला रस्ता यंत्र स्वतः, आपल्या नकाशावरून काढतं. 'ट्रॅक' म्हणजे नकाशावर ओढलेली रेघ; यंत्र त्यात काही बदलत नाही. कॉम्प्युटरवर एका नकाशावर आखलेला रूट दुसरा नकाशा असलेल्या यंत्रात टाकला की तो नव्याने मोजला जातो आणि रस्ता बदलतो. बेसकॅम्प, म्हणजे कॉम्प्युटरवर रस्ते आखायचं गार्मिनचं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर त्यातही तोच ओपनस्ट्रीटमॅप ठेवा. आणि रूटसोबत त्याच रस्त्याचा ट्रॅकही भरा, वेगळ्या रंगात. रूट भरकटला तरी रेघ डोळ्यांसमोर राहते.

मधल्या ठिकाणांचेही दोन प्रकार आहेत. थांब्याचं ठिकाण चुकलं तर यंत्र हट्टाने मागे फिरवत राहतं. नुसता रस्त्याला आकार देणारा बिंदू चुकला तर ते पुढे जातं. जिथे खरंच थांबायचं नाही तिथे दुसराच प्रकार वापरा, आणि तो बिंदू चौकापासून जरा पुढे, रस्त्याच्या मध्यावर ठेवा. चौकात ठेवलेला बिंदू दुभाजकाच्या पलीकडे पडला की यंत्र यू टर्न मागतं. रस्ता सोडल्यावर आपोआप पुन्हा मोजणी करायची की विचारून, हे सेटिंगमध्ये बदलता येतं. एकट्याने जाताना विचारून, असं ठेवणं बरं. पेट्रोलसाठी आडवाट घेतली की अख्खा आखलेला रस्ता विस्कटत नाही.

आता आपल्याकडची अडचण. मोटारसायकल म्हणून यंत्र बसवलं तरी दुचाकींना कुठे बंदी आहे, हे प्रत्येक नकाशात नीट नोंदलेलं असेलच असं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू: या चारही ठिकाणी मोटारसायकलला प्रवेश नाही. यंत्र मात्र वेळ वाचतो म्हणून तिकडेच नेऊ शकतं. महामार्ग टाळा, असं सेटिंग केलं तर जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कोकणातला राष्ट्रीय महामार्ग ६६ सुद्धा टाळला जाण्याची शक्यता असते. त्यापेक्षा टाळायच्या रस्त्यांची आणि भागांची स्वतःची यादी करण्याची सोय यंत्रात आहे, ती वापरा. द्रुतगती मार्गाच्या प्रवेशाजवळचा तुकडा निवडून तेवढाच टाळा. हे काम एकदाच करावं लागतं.

उलट, फेरी टाळू नका. कोकणातल्या किनाऱ्याच्या प्रवासाचा गाभाच फेरीबोटी आहेत. पुण्याहून ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडला ते वेश्वी बोटीने, पुढे केळशी, दापोली, दाभोळ, दाभोळ ते धोपावे बोटीने, गुहागर, आणि तवसाळ ते जयगड पुन्हा बोटीने गणपतीपुळ्याकडे. फेरी बंद ठेवण्याचं सेटिंग चालू राहिलं तर यंत्र प्रत्येक खाडीला आत वळसा घालायला लावतं; बागमांडल्याला समोर वेश्वीचा धक्का दिसत असताना ते आंबेतच्या पुलाकडे पाठवतं. शेवटची बोट किती वाजता सुटते ते मात्र यंत्राला कळत नाही. धक्क्यावर विचारा. तसंच पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे वाहतुकीला बंद ठेवण्याची वेळ येते. नकाशावर तो बारा महिने उघडाच असतो.

वळणांची हौस असलेल्यांसाठी 'अॅडव्हेंचरस राउटिंग' आहे: वळणं, चढउतार आणि मोठे रस्ते टाळणं यांच्या पट्ट्या सरकवायच्या. आपल्याकडे पट्टी मध्यावरच ठेवा. शेवटाला नेली की ते जंगलखात्याच्या वाटेवर किंवा शेतातल्या बैलगाडीच्या रस्त्यावरही घालू शकतं, आणि परत फिरायला जागा नसते.

बोगद्यात उपग्रहांचे संकेत येत नाहीत, ही तर साधी गोष्ट. उंच कड्याखाली काय होतं, ते जरा वेगळं आहे. ताम्हिणीच्या खोल भागात यंत्राला संकेत मिळतात, पण काही थेट आणि काही कड्यावर आदळून उशिरा. उशिरा आलेला संकेत म्हणजे जास्त अंतर, म्हणून जागा वीस-तीस मीटर सरकलेली दिसू शकते. वळणांच्या घाटात खालचा आणि वरचा रस्ता तेवढ्याच अंतरावर असेल तर यंत्र काही क्षण भलताच रस्ता धरतं आणि 'यू टर्न घ्या' म्हणतं. थांबू नका, पुढच्या उघड्या वळणावर ते स्वतःच सावरतं.

पाऊस, ऊन आणि पाळण्याच्या पिना

या यंत्राची खरी नाजूक जागा पाळण्यात आहे. पाळण्याच्या मध्यभागी स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना आहेत आणि यंत्राच्या पाठीवर त्यांच्यासमोर सपाट पत्रे. चार्जिंग याच जोडातून. पावसात तिथे पाणी साचतं, त्यातून करंट वाहतो, आणि महिनाभरात पिनेच्या टोकावर हिरवट थर धरतो. समुद्राकाठी खाऱ्या हवेने तो आणखी लवकर धरतो. थर धरला की यंत्र बॅटरीवर चालू लागतं आणि तीन तासांनी अचानक बंद पडतं. त्या वेळी सगळे फ्यूज तपासत बसतात. आधी पिना बघा. प्रत्येक पीन बोटाने दाबून स्प्रिंग मोकळी आहे का पाहा. इरेझरने टोक घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, आणि सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पाण्याचा जोरदार फवारा मारून बाईक धुताना यंत्र काढून घ्या आणि पाळण्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा. यूएसबीच्या खाचेचं रबरी झाकण नीट बसलेलं नसेल तर आयपीएक्स ७ चा काही उपयोग नाही.

ग्लोव्हजमधून स्क्रीन चालते. मुसळधार पावसात मात्र थेंबांनाच बोट समजून नकाशा लहान-मोठा होऊ शकतो, तेव्हा स्क्रीनला हात लावू नये आणि आवाजावर जावं. हेडसेट जोडताना त्याच्या सेटिंगमध्ये जीपीएससाठी वेगळी जोडणी असेल तर यंत्र तिथे आणि फोन मुख्य जागेवर ठेवा. दोन्ही एकाच जागी जोडले की सूचना आणि गाणी एकमेकांना तोडतात.

विदर्भातल्या उन्हाळ्यात वेगळा प्रश्न येतो. चार्जिंगसाठी तापमानाची मर्यादा ४५ अंश आहे. चंद्रपूर, नागपूरला मे महिन्यात हवाच तितकी तापते, उभ्या बाईकवरचं यंत्र त्याहून जास्त. मग ते चार्ज घेणं थांबवतं. बिघाड नाही, बॅटरी वाचवण्यासाठीच ते असं करतं. चहाला थांबलात तरी यंत्र काढून सावलीत न्या. तसंही ते काढायला हवंच, कारण मूळ पाळण्याला कुलूप नाही. बटण दाबलं की यंत्र हातात येतं. कुलपाचे पाळणे दुसऱ्या कंपन्यांचे मिळतात.

चालत्या बाईकवर स्क्रीनशी खेळू नये, हे नियमानेही आहे. २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलाने हातातलं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरायला मुभा दिली. पाळण्यात पक्कं बसवलेलं यंत्र ही अट सहज पाळतं.

एक्सटी २ हे पुढचं मॉडेल आल्यापासून जुनी एक्सटी वापरलेली विकायला येतात, आणि तो सौदा चांगला ठरू शकतो. पैसे देण्याआधी यंत्र विकणाऱ्याच्याच पाळण्यात, इंजिन चालू ठेवून बसवा आणि बॅटरीच्या चिन्हावर चार्जिंगची खूण येते का बघा. मग चावी काढा. काही सेकंदांनी ते बंद व्हायला लागलं पाहिजे. यूएसबीचं झाकण फाटलेलं नाही ना, पाठीवरचे पत्रे काळे पडलेले नाहीत ना, आणि उजेड पूर्ण ठेवून नुसत्या बॅटरीवर अर्ध्या तासात किती टक्के उतरतं, एवढं पाहा. पंचवीसपेक्षा जास्त उतरलं तर बॅटरी थकलेली समजा आणि किंमत त्या हिशेबाने बोला.